दिवसाला एक युनिट

घाटंजीत संगणकातलं खरं कळणारी माणसं किती, असं कोणी विचारलं की अश्वजित दोन बोटं वर करायचा. त्यातलं दुसरं बोट कोणाचं, हे त्याने आजवर कोणालाही सांगितलेलं नाही!

बाजाराच्या रस्त्याला त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. दाखले, शिष्यवृत्त्या, पीकविमा यांत माणूस दहा वर्षं घासला गेला होता. अशात त्याला कुठूनसं कळलं की पोरं गेम खेळायला संगणकात जी ग्राफिक्स कार्डं टाकतात, त्यांच्यावर घरबसल्या डिजिटल नाणी खोदता येतात. कुदळ नको, फावडं नको! कार्ड चोवीस तास गणितं सोडवतं आणि नाणी आपली खात्यात पडत राहतात. खर्च म्हणजे फक्त विजेचा. इंटरनेटवर त्यासाठी हिशोबाचं एक पानच होतं. कार्डाचं नाव टाका, युनिटचा दर टाका, नफा तयार!

अडचण होती ती जागेची. घरातल्या समोरच्या खोलीवर त्याच्या बायकोचा, दीपाचा, आधीपासून डोळा होता.

"अहो, सहा पोरी शिवणक्लासले नावं देऊन बसल्या. मशीन ओसरीत धूळ खाऊन राह्यली. मले ती खोली पायजे!"

"आठ दिवस थांब. एक कार्ड लावून पाहतो, मंग नेमका अंदाज सांगतो."

"अन् अंदाज चुकला तर?"

"माहा?" अश्वजित असा काही हसला, की बिचारी ओसरीतल्या मशीनवरची धूळ पुसायला निघून गेली.

त्याने खोलीत एक कार्ड, दोन पंखे आणि वीज मोजायला छोटा मीटर लावला. लाइनचा भरवसा नाही, म्हणून वीज आली की खोदकाम आपोआप सुरू व्हावं, अशी सोयही करून ठेवली. सकाळी दुकानात जाताना यंत्र घुंगुं करत असायचं, संध्याकाळी आला की घुंगुं करतच असायचं. आठ दिवसांनी त्याने मीटर पाहिला आणि जागच्या जागी उडी मारली. आठ युनिट! दिवसाला फक्त एक!

शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या देवीलालने शंका काढली. "भौ, डब्यावर दोनशे वॅट लिहून हाये. चोवीस तासाचे पाचेक युनिट व्हायले पायजे!"

"तुह्या हातानं पाच होतीन. म्या सेटिंग बदलली हाये!"

सेटिंग म्हणजे काय, तर त्याने पडद्यावरच्या दोन खुणा थोड्या डावीकडे सरकवल्या होत्या. एवढ्याने वीज पाच पटींनी कमी झाली, यात त्याला स्वतःला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की जगात दुसऱ्या कोणाला हे कसं सुचलं नाही! नाणी ठरावीक रकमेपर्यंत साचल्याशिवाय खात्यात येत नव्हती, म्हणून कमाईचा आकडा त्याने सरळ त्या पानावरून उचलला. खर्च आपल्या मीटरचा, कमाई पानावरची. नफा असा फुगला, की अश्वजितची छातीही त्याच्या मागोमाग फुगली.

"दीपा, पुढचं लाइटबिल येऊ दे. नफा दिसला तर खोली माही, नाई दिसला तर तुही. मंजूर?"

"मंजूर. पण मंग मांगं फिरू नोका!"

त्याने मोटारसायकल विकली आणि आणखी पाच कार्डं आणली. सहाही कार्डं लोखंडी रॅकवर मांडली. आई झाडायला गेली तर धूळ बसेल, म्हणून खोलीला भलंमोठं कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घातली.

त्याची आई मथुराबाई दोन वेळा कुलपाशी घुटमळली. "अश्या, म्या काय म्हणतो..."

"माय, हे तुह्या समजण्यातलं नाई!"

तिसऱ्यांदा ती कुलपाकडे फिरकलीच नाही. महिनाभर अश्वजित सायकल मारत दुकानात गेला आणि चहाच्या टपरीवर रोज एक व्याख्यान देत राहिला. खोली भट्टीसारखी तापली, तरी 'यंत्र जोमात हाये' म्हणून तो खूश!

मग बिल आलं. एकाच महिन्यात आठशे सत्तर युनिट जास्त! त्यात युनिट वाढले की दरही वाढतो, हे तो रोज लोकांची बिलं भरूनही विसरला होता. महिन्याभराची नाणी विकून जेवढे पैसे येणार होते, ते त्या बिलापुढे चिल्लर दिसायला लागले.

"मीटर खराब हाये!" अश्वजित गरजला आणि तक्रार करून आला.

दुसऱ्याच दिवशी वायरमन हरिसिंग हजर झाला. अर्धी गल्ली अंगणात जमली. दीपा हाताची घडी घालून दारात उभी होती, आणि अश्वजितला खरी भीती होती ती तिचीच. मोटारसायकल गेली ती गेली, आता खोलीही जाणार आणि वर अब्रूही जाणार!

हरिसिंगने घरातली सगळी वीज बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं. "मीटर एकदम बरोबर हाये, भौ."

"असं कसं? एका कार्डाले दिवसाले एक युनिट! म्या सोता आठ दिवस मोजलं!"

"मंग कार्ड बंद राहत असन."

"बंद कसं राहीन? जाताना चालू, आलो तवाबी चालू!"

मथुराबाईने पदर सारखा केला. "मीच बंद करत होती ना."

अर्धी गल्ली मथुराबाईकडे वळली!

"तू दुकानात गेला का म्या बटन बंद करत होती. रिकाम्या खोलीत पंखे कायले फिरवाचे? तू घरी याच्या टायमाले पुन्हा चालू करून ठेवत होती, नाईतर तू ओरडतं. निजला का पुन्हा बंद, अन् सकाळी तू उठाच्या आधी चालू. मंग तू कुलूपच ठोकलं!"

"अवं, मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगून तर राह्यलती! तूच म्हणे, तुह्या समजण्यातलं नाई."

हरिसिंगने आपली पिशवी उचलली आणि मान खाली घालून तो फाटकाकडे निघाला. त्याचे खांदे हलत होते. अश्वजितला मात्र आईकडे बघायची खरोखर लाज वाटली. तिने दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं आणि त्याने दोन्हीदा ते बंद केलं होतं.

दीपाने हात पुढे केला. त्याने खिशातून किल्ली काढून मुकाट्याने तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती कमरेला खोचली.

पण मोडला तरी तो हिशोबाचा माणूस! त्याने महिन्याचा एकेक दिवस कागदावर मांडला. नाण्यांची कमाई वजा वीज, कमाई वजा वीज. तास गेला, दुसरा गेला. दीपा ओसरीतून मशीन ओढत खोलीकडे नेत होती, तेवढ्यात तो ओरडला.

"दीपा! सापडला! एका दिवशी रुपयाचाबी तोटा नाई!"

ती थांबली. "कोणत्या दिवशी?"

अश्वजितने तारीख पुन्हा पाहिली आणि त्याचा आवाज खाली आला.

"त्या दिवशी... वादळानं तार तुटलती. दिवसभर लाइनच नव्हती."