सबनीस काकांचा रिजेक्ट माल

सबनीस काका दारात आलेल्या लहान मुलांना लाडू देण्याआधी त्यांचे कपडे तपासत. ओमानमधल्या रुसैलच्या कपड्यांच्या कारखान्यात जन्मभर मालाची तपासणी केलेला माणूस, घरी आला म्हणून डोळे थोडेच बदलणार?

निमित्त रमझानचं. महिना अर्धा सरला की एका संध्याकाळी अल् खुवैरच्या आमच्या गल्लीत ओमानी मुलं पारंपरिक कपडे घालून, गाणी म्हणत, घरोघर खाऊ मागत फिरतात. करनकशो म्हणतात त्याला. आम्ही दारात चॉकलेटची टोपली ठेवून मोकळे व्हायचो. काका मात्र जुलैच्या उकाड्यात इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर उभे. मुलाच्या डोक्यावर भरतकामाची टोपी हवी, दिश्दाशाच्या, म्हणजे त्या पायघोळ झग्याच्या, गळ्याशी गोंडा हवा. मुलीच्या सलवारीला घोट्याशी जरीकाम हवं आणि डोक्यावर ओढणी. सगळं असेल तर "पास". जीन्स दिसली की "रिजेक्ट, रीवर्क करून आणा, यल्ला, पळा!" पोरं खिदळत घरी पळत आणि टोपी चढवून परत येत. सगळ्या गल्लीत त्यांचं नाव मिस्टर रिजेक्ट पडलं होतं.

मला हा छळवाद वाटायचा. सण त्यांचा, कपडे त्यांचे, आणि नियम दादरच्या सबनिसांचे! एकदा मी म्हटलंच, "काका, कशाला पोरांना हेलपाटे घालायला लावता?"

काकांनी आधी ताटातले लाडू नीट रचले. मग म्हणाले, "अहो, पास झालेलं पोर एकदाच येतं. रिजेक्ट झालेलं परत येतं."

काकू गेल्यापासून त्या घराची बेल दूधवाल्याखेरीज कुणी वाजवत नव्हतं. मुलगा टोरांटोला. मला एवढं साधं कळलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी गंमतच झाली. आयांनी काकांची धास्ती घेऊन मुलांना नखशिखान्त सजवून पाठवलं. टोप्या, गोंडे, ओढण्या, कुठे नाव ठेवायला जागा नाही. शेजारच्या उम्म सालिमने आमच्या लेकीला, इरालाही हिरवा जरीचा पोशाख शिवून दिला होता, तीही पहिल्या फेरीत पास. अर्ध्या तासात गल्ली रिकामी झाली. काका ताट घेऊन तसेच उभे होते. एकदा त्यांनी उगाच रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. मला आमच्या फाटकातून ते बघवेना.

इराही बघत होती. तिने डोक्यावरची ओढणी काढली, माझ्या हातात कोंबली आणि समोर जाऊन बेल दाबली. काका दारातच उभे होते, तरी दाबली.

"काका," तिच्या अडखळत्या मराठीत ती म्हणाली, "माझी ओढणी नाही आहे. मी रिजेक्ट?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिला वरपासून खालपर्यंत नीट तपासलं.

"रिजेक्ट," ते म्हणाले. "जा, ओढणी घेऊन ये. सावकाश ये. मी दार लावत नाही."