भुंगेऱ्याचं शिंग

नवी प्रजाती शोधणं एक वेळ सोपं, पण शोधलेली प्रजाती दुसऱ्याच्या तावडीतून वाचवणं महाकठीण. आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नाही!

माझा भुंगेरा कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात अडकला. चीक दगडासारखा घट्ट होऊन त्याचं अंबर झालं. आत साहेब जसेच्या तसे : पाय, मिशा आणि डोक्यावर टोकाशी दुभंगलेलं शिंग. असं शिंग त्याच्या अख्ख्या कुळात कोणाला नाही. म्हणजे नुसती नवी जात नव्हे, नवी प्रजातीच, जातीच्याही वरचं घराणं! फक्त आधी छापेल त्याचा मान.

आणि शेजारच्या टेबलावर ताई. प्रयोगशाळेत मला सीनियर, बोलणं साखरेत घोळलेलं. मी चहाला जाऊन आले की माझा सूक्ष्मदर्शक हललेला असायचा. एकदा तर तिच्या स्क्रीनवर चक्क माझं शिंग दिसलं! मला पाहताच तिने फाइल बंद केली. घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "रोज स्वतःचा डबा तुझ्यापुढे करते ना? मग नक्की काहीतरी आहे."

झालं! अंबराचा खडा पर्समध्ये घालून घरी आणला. शिंगाचं टोक स्वच्छ दिसायला वरचा थर घासायचा होता. हे काम एरवी ताई करायची. जरा घासायचं, भिंगाखाली बघायचं, पुन्हा जरा घासायचं. पण आता तिच्या हाती खडा देणार कोण? बाथरूमची कडी लावून मी ओल्या पॉलिश पेपरवर घासायला बसले. दार का लावलंयस, असं आईने बाहेरून विचारलं. मला तिचाही जरा संशय आला. तिला काहीबाही सांगून वाटेला लावेपर्यंत हात चालूच राहिला.

खडा भिंगाखाली धरला. पाय होते. मिशा होत्या. शिंग पॉलिश पेपरवर होतं.

शिंगाशिवाय उरला कोण? दिव्याखाली मरून पडतो तो कुठलाही भुंगेरा!

दुसऱ्या दिवशी ताईसमोर जाऊन उभी राहिले. तिने खडा पाहिला, मला पाहिलं आणि तीच फाइल उघडली. शिंगाचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो!

"कधीतरी तू हा स्वतःच घासणार, हे दिसतच होतं," ती म्हणाली. "म्हणून आधीच काढून ठेवले. सांगितलं असतं तर रुसली असतीस."

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. प्रजातीचं नाव मी ठेवलं, जातीचं तिने. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'संशयी'.

भुंगेऱ्याचा चेहरा पाहून सुचलं, असं ती सांगते. मला काही ते पटत नाही.