कार्ड नाही, तर दार नाही

मदत न करण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. हसू नका, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा तो. ज्यांना शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो अशी मोठी मुलंमुली आमच्या केंद्रात एकट्यानं राहायला शिकतात, आणि मी त्यांची बाई. स्वयंपाक करणं, कपडे वाळत घालणं, दार उघडणं आणि मुख्य म्हणजे दार न उघडणं. शिकवणाऱ्यासाठी नियम एकच: हात मागे. समोरच्याचं बटण भलत्याच काजात चाललंय, दूध उतू जायच्या बेतात आहे, तरी आपण हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. अकरा वर्षं मी अशी उभी आहे. घरीही मी अशीच उभी असते असं आमचे हे म्हणतात, पण त्यांच्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका.

तर त्या दिवशी आमच्या वकिलाची परीक्षा होती. वकील म्हणजे माझा सव्वीस वर्षांचा विद्यार्थी. त्याला वाचता फारसं येत नाही, चित्रं बघून कामं करतो. पण एकदा नियम डोक्यात बसला की तो कोणाच्या बापाला हलवता येत नाही, म्हणून हे नाव. तळमजल्यावर आमचं सरावाचं घर आहे. तिथं त्यानं सकाळी नऊ ते दुपारी दोन एकट्यानं राहायचं, आपलं जेवण आपण करून जेवायचं. पास झाला तर आणखी दोन मित्रांबरोबर एका घरात त्याला स्वतःची खोली मिळणार होती. नापास झाला तर परत आईकडे, कायमचा.

त्याच्या आईंनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. "एकच दिवस देते, बाई. सव्वीस वर्षं मी त्याची बटणं लावलीयेत. माझ्यामागं त्याचं काय होणार म्हणून झोप येत नाही, आणि एकटा सोडायचा म्हटलं तरी येत नाही."

"तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणाले. "मी आहे ना." गडबड सगळी त्या 'मी आहे ना'मध्येच होती, पण ते मला नंतर कळलं.

आम्ही तिघं वरच्या ऑफिसात बसलो. मी, आई आणि परीक्षक. परीक्षक म्हणजे अगदी मोजकं बोलणारा माणूस. बोलण्याऐवजी लिहायचे, आणि काय लिहिलं ते दाखवायचे नाहीत. खिडकीतून खालची गॅलरी दिसत होती. दहा वाजता दोरीवर एक टॉवेल आला, मग एक चादर आली, चारी टोकं नीट ओढून. मी आईंकडे असं बघितलं की जणू मीच धुतली होती.

अकराच्या सुमाराला कुकरची शिट्टी झाली.

"एक," मी ऐटीत म्हणाले. "तीन झाल्या की गॅस बंद करायचा, पक्कं शिकवलंय."

दुसरी झाली, तिसरी झाली. "आता करेल बघा बंद."

चौथी झाली. आई माझ्याकडे बघायला लागल्या. पाचवी झाली. "मोजताना एखादी इकडेतिकडे होते," मी म्हणाले. सहावी झाली तेव्हा परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. सातवीला मी जिन्यात होते.

दार वाजवलं. साखळी लावलेलं दार चार बोटं उघडलं, फटीत वकिलाचा एक डोळा.

"गॅस बंद कर आधी," मी धापा टाकत म्हणाले. "दार उघड."

"कार्ड दाखवा."

माझा हात गळ्याशी गेला. केंद्राचं फोटोवालं कार्ड वर, ऑफिसातल्या खुंटीवर. चहा पिताना ते कपात बुडतं म्हणून मी काढून ठेवते.

"अरे, मी आहे, बाई."

"मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणालात. मी उघडलं. मग तुम्ही मला अर्धा तास बोललात."

खरं होतं. ओळखीचा चेहरा दिसला तरी कार्ड बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे त्याच्या अंगवळणी पडावं म्हणून मी मुद्दाम विनाकार्डाची जाऊन त्याला तीनदा फसवलं होतं. आता ही चौथी वेळ, एवढाच त्याचा समज. त्यानं अदबीनं दार लावून घेतलं.

शहाणी बाई वर जाऊन कार्ड घेऊन आली असती. पण माझ्या कानात सात शिट्ट्या घुमत होत्या. मी इमारतीला वळसा घालून मागं गेले. गॅलरीचा कठडा कमरेइतकाच आहे, म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळच्या कमरेइतका. बादली पालथी घातली, चढले, एक पाय आत टाकला, आणि दुसरा काही केल्या येईना. त्यात दोरीवरची ओली चादर डोक्यावर आली.

आतून वकील आला. ओरडला नाही, घाबरला नाही. माझ्याकडे नीट बघितलं, गॅलरीच्या जाळीच्या दाराला आतून कडी घातली आणि फोन लावला. अडचणीत लावायच्या नंबरांत पहिला नंबर माझाच. माझा फोन वर ऑफिसातल्या टेबलावर, तो उचलला परीक्षकांनी, आणि स्पीकरवर टाकला. उघड्या खिडकीतून अख्ख्या इमारतीनं ऐकलं.

"मी तळमजल्यावरच्या सरावाच्या घरातून बोलतोय. एक बाई कठड्यावरून आत येतायत. आमच्या बाईंसारख्या दिसतात, पण कार्ड नाही. बाईंना खाली पाठवा."

"बाई इथं नाहीत," परीक्षक म्हणाले. "आता काय कराल?"

"दुसरा नंबर वॉचमनकाकांचा आहे. तो लावतो."

वॉचमन काठी घेऊन धावत आला.

"कोण आहे?"

"मी," मी चादरीतून म्हणाले.

"मी कोण? कार्ड कुठंय?" त्यालाही मीच शिकवलं होतं.

शेवटी आई माझं कार्ड घेऊन खाली आल्या, मागून परीक्षक. वॉचमननं मला एखाद्या गाठोड्यासारखं आत उतरवलं. आईंनी कठड्याबाहेरून हात लांबवून जाळीपाशी कार्ड धरलं. वकिलानं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला, आणि मग कडी काढली. मी ओल्या केसांनी थेट स्वयंपाकघरात घुसले. गॅस बंद. कुकर शांत. ओट्यावर कागद, त्यावर पेन्सिलीच्या तीन रेघा.

"सात शिट्ट्या झाल्या ना रे?"

"माझ्या तीन," तो म्हणाला. "बाकीच्या शेजारच्या काकूंच्या. त्यांच्या कुकरचा आवाज घोगरा आहे."

अकरा वर्षं मी तो घोगरा कुकर ऐकतेय. मला कधी कळलं नव्हतं.

मी पुढचं दार उघडून आई आणि परीक्षकांना आत घेतलं, तेवढ्यात माझं त्याच्या शर्टाकडे लक्ष गेलं. एक बटण चुकलं होतं, त्यामुळे खालची सगळीच एकेक घर सरकलेली. आईंचंही लक्ष गेलं. त्यांचा हात पुढं आला, बोटं बटणाला लागणार एवढ्यात थांबला. मग त्यांनी तो हळूच मागं घेतला आणि पाठीमागे दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. वकिलानं मान खाली घालून बघितलं, "चुकलं," म्हणाला, सगळी बटणं काढली आणि परत लावली. वेळ लागला. आई रडत होत्या, पण हात मागेच होते. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की आपण कठड्यावर लटकलो होतो हेच मी विसरले.

परीक्षक विसरले नव्हते. दुपारी दोनला त्यांनी कागद दाखवला. 'विद्यार्थी: उत्तीर्ण.' खाली बारीक अक्षरात: 'प्रशिक्षिका: हात मागे ठेवण्याचा आणखी सराव आवश्यक.'

गेल्या आठवड्यात वकिलानं मला त्याच्या नव्या घरी जेवायला बोलावलं. मी कार्ड गळ्यात अडकवूनच गेले. बेल वाजवली. साखळी, फट, एक डोळा. मी कार्ड पुढं केलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"फोटोतल्या बाई बारीक आहेत," तो म्हणाला. "थांबा. बाईंना फोन करून विचारतो."

दार लागलं आणि माझ्या पर्समधला फोन वाजला. मी दारातच उभी राहून तो उचलला.

"हो रे," मी म्हणाले, "मीच पाठवलंय त्यांना. घे आत."