फुकट दिलेलं प्यादं

दगाने क्वीन्स गँबिट शिकायला अकरा दिवस घेतले आणि आईची आशा मोडायला एक मिनिट.

पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर बुद्धिबळ शिकत असे. या डावातली मेख त्याला फार आवडली होती. वजिराचं प्यादं पुढे काढायचं, मग त्याच्या बाजूचं प्यादं समोरच्याला फुकट देऊ करायचं. तो ते खायला गेला की त्याचं प्यादं मधून हलतं, पटाचा मध्य आपला होतो, आणि दिलेलं प्यादं पुढे सावकाश परत मिळतं.

दगाच्या लेखी मध्य म्हणजे यंदाची कानबाई. श्रावणात त्यांच्या भाऊबंदांपैकी एकाच घरी देवी बसे. ती आपल्या गोडादऱ्याच्या खोलीत बसावी म्हणून दगाची आई, सुंदराबाई, सुरतेत आल्यापासून झुरत होती. आता तिचे गुडघे गेले होते. यंदा देवी चुलतभाऊ चेतन मागेल अशी दगाला धास्ती होती; त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि पुढच्या श्रावणाची खात्री सुंदराबाईची तिलाच नव्हती.

देवी कुणाकडे बसवायची हे ठरवायला भाऊबंदांची बैठक बसली, आणि चेतन बोलायला उठतोय असं दिसताच दगाने प्यादं सरकवलं.

"चेतन, नैवेद्यना रोटना गहू यंदा तूच ले. निवडणं, दळणं सम्दं तुनाकडे."

चेतन घुटमळला. "मी येगळंच सांगणार व्हतू..."

"देवीनं काम शे. नही म्हणू नको."

देवीला नाही कोण म्हणणार? चेतनने हात जोडून गव्हाची पिशवी घेतली. दगाला आतून गुदगुल्या झाल्या.

"आते कानबाई मना घर बसाडूत," तो म्हणाला.

"आसं कसं?" सगळ्यांत वडील उषाबाई म्हणाल्या. "रोटना गहू ज्याना घर, कानबाई त्याना घर. तुना बापनी तुले सांगं नही का?"

सांगितलंही असेल. पण सुरतेत दगा दरवर्षी शिफ्ट संपवून थेट जेवायलाच पोचायचा. त्याने पिशवीकडे हात नेला.

"हातमा लिधेल रोट परत नही देतस," उषाबाईंनी बजावलं.

चेतन खाली बघत म्हणाला, "काकूना गुडघा दुखतस, म्हणीसन यंदा दगाभाऊना घर बसाडा, इतलंच सांगणार व्हतू मी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर दगाला बरं वाटलं असतं.

कानबाईच्या दिवशी दोघा भावांनी सुंदराबाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर न्यायला घेतलं. दुसऱ्या मजल्यावर दोघेही धापा टाकत थांबले. बैठकीपासून ती दगाशी बोलली नव्हती.

"दगा, त्या मोबाइलमा चाल मांगे लेता येस का?"

"येस, माय."

"मंग पहिले ते शिकाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्यांकडे बघत बसली.