भाऊरावकाकांचे तीन चौकीदार

बालाघाटात दुपारी लाइट गेली की आमच्या गल्लीतली माणसं हातपंखे घेऊन ओट्यावर येतात. समोरचे भाऊरावकाकाही येतात, घामानं निथळत. घरात त्यांचा पंखा बंद असतो, फ्रिज बंद असतो. इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालू असतो.

या कॉम्प्युटरसमोर काका मोठ्यानं बोलत नाहीत. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मला न्हाणीपाशी नेतात. मी एकदा म्हटलं, काका, याला माइकच नाही. ते म्हणाले, "तुले दिसत नाही, एवढंच." कीबोर्ड ते कपाटात कुलपात ठेवतात आणि कपाटाची किल्ली करदोट्याला बांधतात.

काकांची सारी नोकरी उकव्याकडच्या एका खाणीच्या फाटकावर गेली. पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या माणसांचे जेवणाचे डबे उघडून पाहायचे, एवढंच काम. तिथली शिकवण त्यांनी घरी आणली: एका चौकीदारावर दुसरा ठेवायचा, दुसऱ्यावर तिसरा. म्हणून कॉम्प्युटरवर व्हायरस पकडणारे तीन प्रोग्राम. तिघं मिळून प्रत्येक फाइलची झडती घेत, मग एकमेकांची घेत. काका वीज कचेरीला तक्रारअर्ज टाइप करायला बसले की एक अक्षर दाबत, चहाचा घोट घेत, तेव्हा कुठं ते अक्षर उमटे.

"कोणीतरी आत बसून राह्यलं हाय, सुधीर," ते म्हणत.

कचेरीत मी कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून गल्लीत मी जाणकार. मी पहिला उपाय सांगितला, एकदा बंद करून चालू करा. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच डब्यात चोरीचा माल सापडला. "चोरी कधी होते मालूम हाय? पाळी बदलते तेव्हा. फाटक उघडलं की गेलं. बंद करायचं नाही." अपडेटचं विचारलं, तर इंटरनेटची वायर त्यांनी कधीचीच उपटून ठेवली होती.

मग त्यांच्या मुलाचा, प्रकाशचा, भोपाळहून फोन आला. दसऱ्याला नवा लॅपटॉप आणतो, हा डबा भंगारात देऊन टाकू. त्या दिवसापासून काका माझ्या मागं लागले. "दसऱ्याच्या आधी याले पळता कर. त्यानं नेला नाही पाहिजे."

एवढा जीव या डब्यात कशाला? मलाही संशय येऊ लागला. मला बसवण्याआधी काका पडद्यावर काहीतरी करत आणि तेवढा वेळ मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगत. एकट्या म्हाताऱ्याच्या कॉम्प्युटरवर काय लपलेलं असेल, याचा मी जो विचार केला तो इथं लिहायची लाज वाटते. तो मी बायकोलाही बोलून दाखवला, याची जास्त वाटते.

त्या रविवारी काका चहा करायला आत गेले. मी ठरवलं, गुपचूप एकदा बंद करून चालू करतो. त्यांना कळणारही नाही. बटण दाबलं आणि पडद्यावर सूचना आली: या कॉम्प्युटरवर दुसरं कोणी अजून काम करत आहे. बंद केल्यास त्यांचं अर्धवट काम जाऊ शकतं.

काकांचं खरंच होतं.

मी 'नको' दाबलं आणि आत कोण आहे ते पाहिलं. काकांच्या नावाशेजारी दुसरं नाव होतं, सुमन. सुमनकाकूंना जाऊन दोन उन्हाळे झाले होते. त्यांच्या नावाला पासवर्ड नव्हता. साऱ्या घरात तेवढं एकच दार उघडं होतं. आत पत्त्यांचा एक डाव अर्ध्यावर मांडलेला होता.

काका कपबशा घेऊन मागं उभे होते. मला वाटलं, आता हाकलतील.

"पाहिलं तं पाहिलं," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्या खोलीत ते नेहमीच्या आवाजात बोलले. "खेळता खेळता उठली. म्हणे, छातीत कसंतरी होऊन राह्यलं, डाव मोडू नका, आलीच मी."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. बदामाची दश्शी मोकळी होती आणि शेजारीच काळा गुलाम. "काका, ही इथं लागते," मी नकळत म्हणालो.

"हौ. मले रोज दिसते. पण मी काहून लावू? डाव तिचा हाय."

चहा पिऊन मी कामाला लागलो. काकांच्या बाजूचा कचरा काढला आणि, त्यांना विचारून, दोन चौकीदारांना रजा दिली. कॉम्प्युटर मात्र एकदाही बंद केला नाही. अक्षरं आता घोटाआधी उमटू लागली.

दसऱ्याला प्रकाशनं कॉम्प्युटर चालवून पाहिला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "सुधीरभाऊ, सच बताओ, ये चलेगा?" मी म्हटलं, अजून खूप चालेल. नवा लॅपटॉप खोक्यासकट कपाटावर गेला.

काकांनी मला त्यांच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कसं घालायचं ते शिकवलं आहे. ते वारासिवनीला बहिणीकडे गेले की घराची किल्ली माझ्याकडे असते. आता लाइट गेली की मी हातपंखा शोधत नाही. आधी रस्ता ओलांडून त्यांच्या खिडकीशी जातो आणि पडदा उजळलेला आहे ना, ते पाहतो.