जोडचाकांची घासाघीस

"गुन्हेगाराच्या मनात गुन्हा यायच्या आधी तो माझ्या नाकात येतो," असं हर्शेल टिडवेल स्वतःबद्दल सांगायचा. कुणी विचारायची गरज नसे. चर्चमध्ये शेजारी बसलेल्याला सांगे, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेल्याला सांगे, आणि एकदा तर चुकून फोन लागलेल्या एका अनोळखी बाईलाही त्यानं हे सविस्तर ऐकवलं होतं. "पश्चिम टेक्सासातलं सगळ्यात तल्लख डोकं या टोपीखाली आहे," असं म्हणून तो टोपी काढून दाखवी. टोपीखाली टक्कल होतं.

जन्मभर त्यानं गुरांच्या लिलावात काट्यावर बैलांची वजनं केली होती. रिटायर झाल्यावर तो डिटेक्टिव्ह झाला. आजवर सुटलेली सगळ्यात मोठी केस म्हणजे त्याचा स्वतःचा हरवलेला चष्मा, आणि तोही बायकोनं शोधून हातात दिल्यावर त्यानं 'सापडला' म्हणून जाहीर केला होता.

या महापुरुषाचा सहायक म्हणजे लाईल, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. पन्नाशी गाठलेला, बिनलग्नाचा, तोंडानं गरीब. पगार शून्य, जेवण मात्र बहिणीच्याच घरी. बहिणीनं फक्त एवढंच बजावलं होतं, "दाजींना एकटं सोडू नकोस रे. कुणीतरी मारेल त्यांना."

त्या आठवड्यात मात्र लाईलचं चित्त दाजींच्या केसेसमध्ये अजिबात नव्हतं. शनिवारी जत्रेतला नाच होता आणि इमोजीनला 'माझ्याबरोबर येतेस का' असं विचारायचं त्यानं ठरवलं होतं. तसं तो बरेच उन्हाळे ठरवतच होता. इमोजीन म्हणजे गावातल्या ओटिसची बहीण. अंगानं ऐसपैस, मनानंही तशीच, आणि हसली की समोरच्याला उगाच वाटे की आपण फार विनोदी आहोत. लाईलला तर तिच्यासमोर नुसतं 'बरं आहे ना' म्हणतानाही घाम फुटायचा.

आणि नेमका त्याच आठवड्यात बॉइड केसलरचा फोन आला.

बॉइडकडे भलाथोरला पिकअप ट्रक होता. मागच्या बाजूला डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन अशी जोडचाकं, म्हणजे बैलाचा ट्रेलर जोडला तरी गाडी डुलत नाही. बॉइड स्वतः जरा बुटका. त्याला वाटलं, ट्रक तरी उंच दिसावा. म्हणून गेल्या महिन्यात त्यानं चारी बाजूंना मोठे टायर चढवले. ते पाहून त्याचा जन्माचा दोस्त ओटिस एवढंच म्हणाला, "वा, ट्रकला उंच टाचा घातल्यास?" तेव्हापासून बॉइड ओटिसशी धड बोलत नव्हता.

"जळका वास येतो, म्हणून बाहेरचं चाक काढलं," हर्शेल आणि लाईल त्याच्या गोठ्यापाशी पोचताच बॉइड म्हणाला. "तर हे बघा. आतल्या बाजूनं कुणीतरी रबर घासून काढलंय. दोन्ही टायरांचं. शनिवारी बैल जत्रेत न्यायचाय मला, आणि गाडी अशी."

खरंच होतं. जोडीतल्या दोन टायरांच्या एकमेकांकडे तोंड केलेल्या बाजू सोलवटल्या होत्या. खाली काळी भुकटी सांडली होती.

हर्शेलनं डोळे मिटले. "बॉइड, त्याआधी हे चाक कधी काढलं होतं?"

"बसवल्यापासून नाही. बोल्ट जाम झाले होते, घाम निघाला माझा."

"म्हणजे बंद खोलीतला गुन्हा," हर्शेल खोल आवाजात म्हणाला. "चाक जागच्या जागी, बोल्ट जागच्या जागी, आणि तरी आत कुणीतरी येऊन गेलं. लाईल, रिटायर माणसाकडे टायरची केस यावी, यातच नियती दिसते."

"हो, दाजी."

मग त्यानं चिमूटभर काळी भुकटी उचलली आणि नाकाशी नेली. "बंदुकीची दारू," असं म्हणतो न म्हणतो तोच त्याला अशा शिंका लागल्या की कोंबड्या पळाल्या. चौदा-पंधरा शिंकांनंतर त्यानं स्फोटकांची शक्यता मागे घेतली.

पुढचा संशय बॉइडच्या बोकडावर. बोकड रबर खातो, हे हर्शेलला कुठूनतरी माहीत होतं. त्याचे दात टायरच्या खुणांशी जुळतात का हे पाहायला हवं, म्हणून लाईलनं बोकडाचा जबडा उघडून धरला आणि हर्शेलनं भिंग लावलं. बोकडाला ही चौकशी अपमानास्पद वाटली असावी. त्यानं लाईलच्या शर्टाची बाही खाल्ली. "बाही खाल्ली, टायर नाही," हर्शेल म्हणाला. "बोकड निर्दोष आहे."

लाईल उघड्या दंडानं उन्हात उभा होता. तेवढ्यात हर्शेलनं पुढचा तर्क मांडला.

"आत हात जायला फट बोटभर. म्हणजे गुन्हेगाराचे हात काटकुळे. रबर घासलंय, म्हणजे हत्यार कानस. घोड्याचे खूर घासायची लांब कानस कुणाकडे आहे? आणि या ट्रकवर जळतं कोण?"

"ओटिस," बॉइड म्हणाला. त्याचा चेहरा पडला. खरं म्हणजे त्याला हे नाव नको होतं, पण रागाला कुठंतरी बसायला जागा हवी असते.

"दाजी, तशी कानस तुमच्याकडेही आहे," लाईल हळूच म्हणाला.

"माझे हात जाड आहेत. बोलाव ओटिसला."

लाईल पाय ओढत फोनकडे निघाला. ओटिसला चोर ठरवायचं आणि शनिवारी त्याच्याच बहिणीला नाचायला बोलवायचं? कुठल्या तोंडानं?

ओटिस आला. त्याला गाडीतून आणलं इमोजीननं, हातात चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा घेऊन. हर्शेलनं ट्रकभोवती दोन फेऱ्या मारल्या, थांबला, आणि ओटिसचा हात धरून वर उचलला.

"पाहा. काटकुळा."

"संधिवात आहे," ओटिस म्हणाला. "या हातानं मला चहाचा ग्लास धरवत नाही. बॉइड, तुला वाटतं मी असं करेन?"

बॉइडनं बुटानं काळी भुकटी मातीत सारली.

"वाटण्याचा प्रश्नच नाही," हर्शेल म्हणाला. "पुरावा आहे. माझ्या सहायकानं सगळं डोळ्यांनी पाहिलंय. लाईल, सांग यांना."

इमोजीन पंखा हलवायची थांबली. ती लाईलकडे बघत होती, आणि या खेपेला हसत नव्हती. लाईलला घरातलं जेवण आठवलं, बहीण आठवली, दाजींचं पुढं महिनाभर चालणारं तोंड आठवलं.

"नाही, दाजी," तो म्हणाला. "मी बोकडाचे दात पाहिले. बाकी काही पाहिलं नाही. ओटिसनं हे केलेलं नाही."

हर्शेलचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडलं नाही.

"कुठल्या बाजूनं घासलंय म्हणालात?" इमोजीननं विचारलं.

"आतून," लाईल म्हणाला. "दोघांच्या समोरासमोरच्या बाजूनं."

इमोजीननं ट्रकच्या दुसऱ्या बाजूला, जिथं चाकं लावलेलीच होती तिथं वाकून दोन टायरांच्या फटीत पंखा सारला. सहज गेला, सहज आला. "रिकामी गाडी असताना जागा आहे. बॉइड, गवताच्या गाठी चढवा बघू मागं. गाडीखाली दगडही लावा तिकडून, बाहेरचं चाक नाहीये."

दगड होतेच. गाठी चढल्या, ट्रक बसला, टायर खालच्या अंगाला फुगले. आता पंखा फटीत सारला तो खाली जाऊन असा अडकला की निघेना. इमोजीन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घ्या हर्शेलराव, गुन्हेगार सापडले. एकमेकांवरच घासतायत दोघं. ऑगस्टात चर्चपर्यंत चालत गेलं की माझ्या मांड्यांचं हेच होतं. मी पावडर लावते. टायरला काय लावायचं ते तुमचं तुम्ही बघा."

लाईलचे कान लाल झाले.

"टायर उंच घेतले तर जाडही आले," बॉइड शेवटी पुटपुटला. "दुकानदार म्हणत होता, मध्ये जोडचकती टाका, दोघांत अंतर राहील. मला वाटलं, गळ्यात मारतोय."

"चकतीवर मी हसलो नसतो," ओटिस म्हणाला.

"तू टाचा म्हणालास."

"आणि तू मला चोर म्हणालास."

मग बॉइडनं पाना उचलला, आणि ओटिसनं आपल्या वाकड्या बोटांनी बोल्ट गोळा करायला घेतले. जुने टायर गोठ्यात पडलेलेच होते, शनिवारपुरते तेच चढवायचे ठरले.

"माझा सापळा अचूक बसला," हर्शेल बोकडाला सांगत होता. बाकी कुणी ऐकत नव्हतं. "खऱ्या गुन्हेगाराला बेसावध ठेवायला मुद्दाम निरपराध माणूस पुढं केला."

लाईल पंखा ओढून काढत होता. इमोजीन शेजारी येऊन उभी राहिली.

"दाजींना नाही म्हणालास," ती म्हणाली.

"हो. आता जेवायला कुठं जाऊ, कळत नाही." त्यानं फाटका, काळा झालेला पंखा तिच्या हातात दिला. आणि मग, एकदा नाही म्हणून तोंड उघडलंच होतं, तर बंद व्हायच्या आत म्हणून टाकलं, "शनिवारी नाचाला येशील माझ्याबरोबर?"

"किती वर्षं लावलीस," इमोजीन म्हणाली. "मला वाटलं तूही दाजींसारखाच, समोरचं दिसत नाही. संध्याकाळी लवकर ये, आमच्याकडेच जेव आधी. आणि हात जोडून विनवलं तरी दाजींना आणू नकोस."

"लाईल!" मागून हर्शेल ओरडला. "काय कुजबुज चाललीय तिकडे? मला सगळं कळलं पाहिजे."

"तुमच्या कामाचं नाही, दाजी," लाईल म्हणाला. "ही केस माझी आहे."