सगळ्यात आत लावलेली गाडी

माझा मुलगा मर्लिन कुठलीही गोष्ट संपेपर्यंत थांबत नाही. चर्चमध्ये शेवटचं भजन सुरू झालं की हा गाडीची किल्ली चाचपतो. लग्नात केक कापायच्या आधी कोट चढवतो. स्वतःच्या बापाला पुरून आल्यावर अख्खं गाव चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खात बसलं होतं, तेव्हा हा बाहेर गाडी सुरू करून बसलेला. का, तर गर्दीच्या आधी निघायचं. आयोवातल्या आमच्या गावात सिग्नल एक, तोही नुसता पिवळा लुकलुकतो. तिथं कसली आलीय गर्दी?

आणि अशा माणसाच्या गाडीत बसून मला शिकागोला बेसबॉलचा सामना बघायला जायचं होतं.

माझा नवरा ऑरविल आणि मी, आम्ही जन्मभर गोठ्यात दूध काढता काढता रेडिओवर शिकागोच्या संघाचे सामने ऐकले. गाई बदलल्या, रेडिओ बदलले, संघ हरतच राहिला. ऑरविल म्हणायचा, "अर्डिस, आपला संघ जिंकताना एकदा डोळ्यांनी बघायचाय." बघायच्या आधीच गेला. त्याची निळी टोपी मी पिशवीत घेतली होती. संघ जिंकला की सगळं मैदान उभं राहतं, तेव्हा ती टोपी वर धरायची, एवढंच माझं काम होतं.

गर्दी नको म्हणून मर्लिननं आम्हाला अंधारातच घराबाहेर काढलं. मैदानाजवळच्या गल्लीत डोलोरेस नावाची बाई आपल्या परसात गाड्या लावू देते. सामन्याच्या दिवशी त्या भागातले बरेच जण देतात. आमची गाडी पहिली पोचली, म्हणून सगळ्यात आत गेली, टोमॅटोच्या वाफ्याला लागून.

"मस्त सावली आहे," मर्लिन खूश.

"मागून गाड्या लागतील हं," डोलोरेस खुर्चीतूनच म्हणाली. "एकीला एक चिकटून. सामना संपेपर्यंत कुणाची निघत नाही."

"हो हो," म्हणत हा चालायलाही लागला. समोरच्याचं ऐकून घ्यायचं म्हटलं तरी शेवटपर्यंत थांबावंच लागतं ना.

सामना तसा रडतच चालला होता. सातव्या डावात सगळं मैदान उठून गाणं म्हणतं, ते मी घसा फोडून म्हटलं. आठव्यात आम्ही पाच धावांनी मागं पडलो आणि मर्लिन चुळबुळायला लागला.

"आई, निघू या."

"अजून खेळ बाकी आहे."

"पाच धावा कोण काढणार, तू? आत्ता निघालो तर रस्ता मोकळा मिळेल."

"तू जा. मी बसते."

"आणि घरी कशी येशील, चालत?"

सून जोलीन म्हणाली, "आई, आमच्या लग्नातून हा पाहुण्यांच्या आधी निघाला होता. मी नवरी, मला धावत जाऊन गाडी पकडावी लागली. त्याच्याशी काय बोलता?"

आम्ही बोलतोय तोवर त्यानं माझी पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरायला लागला. पिशवीत टोपी. मी टोपीच्या मागं गेले.

फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि मागं असा आरडाओरडा उठला की जमीन हलली. आमच्या संघानं धावा काढायला घेतल्या होत्या. मी तशीच वळले.

"आजी, एकदा बाहेर पडलं की परत आत नाही," फाटकावरचा माणूस म्हणाला.

"अरे, माझी खुर्ची अजून गरम असेल."

"नियम आहे, आजी."

डोलोरेसच्या परसात आलो, तर आमच्या गाडीमागं लाल ट्रक, ट्रकमागं व्हॅन, व्हॅनमागं आणखी एक लांबलचक गाडी. मालक सगळे मैदानात.

"हे लोक कधी येणार?" मर्लिननं विचारलं.

"सामना संपला की. सकाळी सांगितलं होतं."

"लवकर कुणीच निघत नाही?"

"इथली माणसं नाही निघत," डोलोरेस म्हणाली आणि तिनं मर्लिनला खालपासून वरपर्यंत बघितलं.

तरी हा गप्प बसेल तर शपथ. वाफ्याच्या कडेनं गाडी निघते म्हणाला. डोलोरेसनं वाफ्याला नुकतंच पाणी दिलेलं. चाक रुतलं. यानं जोर केला, चाक आणखी रुतलं, आणि पिकले टोमॅटो जोलीनच्या पांढऱ्या ब्लाउजवर उडाले.

"उतरा आता," डोलोरेस आवाज न चढवता म्हणाली. "काठ्या आणि सुतळी तिथं कोपऱ्यात आहे. रोपं बांधायला घ्या." मग तिनं माझ्यासाठी खुर्ची मांडली आणि रेडिओ मोठा केला.

मैदानातली आरोळी आधी यायची, रेडिओ मागाहून सांगायचा. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात बरोबरी झाली, म्हणून खेळ लांबला. दहावा सुरू झाला, मग अकरावा. मर्लिन चिखलात गुडघे टेकून रोपं बांधत होता आणि दर डावाला म्हणत होता, "अजून संपेना?" मग मैदानाच्या भिंतीपलीकडून अशी गर्जना आली की डोलोरेसच्या खिडक्या थरथरल्या. रेडिओवाला बिचारा अजून सांगत होता, चेंडू टाकणारा टोपी सारखी करतोय.

मी ऑरविलची टोपी काढली आणि वर धरली. समोर मैदान नव्हतं, डोलोरेसची वाळत घातलेली चादर होती. डोलोरेस काही न विचारता उठून उभी राहिली. जन्मभर कानांनी ऐकलं, आणि भिंतीला खेटून बसूनसुद्धा कानांनीच ऐकलं.

गाड्यांचे मालक लवकर कुठले येतात. गल्लीभर नाचत होते, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. शेवटी आले आणि त्यांनीच आमची गाडी चिखलातून ढकलून काढली.

"काय सामना झाला," ट्रकवाला धापा टाकत म्हणाला. "तुम्ही कुठं बसला होता?"

"टोमॅटोंजवळ," जोलीन म्हणाली.

निघालो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. सगळे केव्हाच घरी गेलेले. हमरस्त्यावर आमच्यापुढं गाडी नाही, मागं गाडी नाही. मर्लिनचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा फुलला.

"बघ आई, मी म्हणत होतो ना? रस्ता कसा मोकळा मिळाला."

मी टोपी मांडीवर सरळ केली.

"मर्लिन," मी म्हटलं, "मी मेले की चर्चच्या आवारात तुझी गाडी सगळ्यात आत लावायची, भिंतीला नाक लावून, आणि मागं तीन गाड्या. पाद्रीबाबांना मी रविवारीच सांगून ठेवते. माझ्या नावाचं शेवटचं सँडविच संपेपर्यंत तू हलणार नाहीस."